‘बरंय की’ म्हणणारी माणसं

पाथरी तालुक्यातलं एक गाव, दुपारचे अडीच. आशाताई वही घेऊन ओसरीच्या कडेला टेकल्या आहेत आणि आबा बाजेवर बसून आढ्याकडं बघतायत. वहीतला प्रश्न असा आहे : गेल्या दोन आठवड्यांत उदास, निराश वाटलं का, आणि किती दिवस? ताईंनी तो वाचलाच नाही. त्या म्हणाल्या, “मामंजी, जेवण जातंय का?”

“बरंय की.”

“अन् झोप?”

“रानात जागलीला जायलो.”

“घरी असलं की?”

“बरंय की म्हणलं ना.”

ताईंनी वही मिटली, पदर सारखा केला आणि मागच्या दारानं चुलीपाशी गेल्या. आबांची बायको भाकरी थापता थापता बोलली, “जागल कशाची, माय? रानात राखायला उरलंय काय? सोयाबीन तर सप्टेंबरातच सडून गेलं.” २०२५च्या सप्टेंबरात मराठवाड्यात पाऊस कोसळला, नद्या पात्राबाहेर आल्या, काढणीला आलेलं पीक पाण्यात उभं राहिलं. त्यानंतरही हा माणूस रोज रात्री बॅटरी घेऊन रिकाम्या रानाकडं निघतो. रानडुकरं आणि रोही यांच्यापासून पीक राखायला रात्रभर जागणं हे इकडच्या शेतकऱ्याचं नेहमीचं काम. झोप उडाल्याचं त्यात सहज लपतं. लोक विचारत नाहीत, उलट कष्टाळू म्हणतात.

संपादकांनी यंदा ‘सावरणं’ हा विषय दिला. पुरुष कसे सावरतात ते बघून या, म्हणाले. मी परभणी जिल्हा निवडला. एक तर तो माझ्या माहितीचा, आणि ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असं ताठ मानेनं सांगणाऱ्या मुलखात खचलेला माणूस जातो कुठं, याचं कुतूहल होतं. मारहाण झालेले, कर्जवसुलीत चारचौघांत अपमान झालेले, लहानपणी कुणी तरी हात लावलेला आजवर न सांगितलेले. अशा पुरुषांसाठी पाटी लावलेलं एकही दार मला जिल्ह्यात दिसलं नाही. बायकांसाठी ‘सखी’ वन स्टॉप सेंटर असतं, मुलांसाठी बालकल्याण समिती असते. दोन्ही हवीतच, आणि आहेत तीही अपुरीच. पुरुष मात्र येतो तो भलत्याच दारानं. ते दार ओळखणारं कुणी तिथं असेल, तर त्याचं नशीब.

सासऱ्याला कसं विचारायचं

महाराष्ट्र सरकारचा ‘प्रेरणा प्रकल्प’ २०१५पासूनचा. शेतकरी आत्महत्यांनी होरपळलेल्या १४ जिल्ह्यांसाठी तो आखला : मराठवाड्याचे आठ, विदर्भाचे सहा. परभणी त्यात आहे. कल्पना साधी. गावातली आशा कार्यकर्ती घरोघरी जाणार, नऊ प्रश्न विचारणार, गुण मांडणार, आणि गुण जास्त भरले की त्या माणसाला समुपदेशकाकडं, गरज पडली तर मानसोपचारतज्ज्ञाकडं पोहोचवणार. हे नऊ प्रश्न ‘पीएचक्यू-९’ या नावानं जगभर वापरले जातात. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण २७. झोप, भूक, थकवा, लक्ष न लागणं असे प्रश्न आधी येतात, आणि शेवटचा, मरून जावं असं वाटतं का.

आता आशा म्हणजे कोण? नियमाप्रमाणे ती त्याच गावात राहणारी बाई, बहुतेक वेळा गावची सून. म्हणजे ज्याला नववा प्रश्न विचारायचा तो तिचा चुलत सासरा, नाही तर थोरला दीर. ज्याच्यासमोर ती खाली बसते, ज्याचं नाव घेत नाही, त्याला तिनं विचारायचं की मामंजी, मरावंसं वाटतं का? मुंबईत बसून फॉर्म छापणाऱ्याच्या हे ध्यानात आलं असेल असं वाटत नाही. ताईंच्या मात्र ते पहिल्याच दिवशी ध्यानात आलं. प्रश्न विचारायचे नाहीत, उत्तरं गोळा करायची, अशी त्यांची पद्धत पडून गेली आहे. बीपी तपासायचं निमित्त काढायचं. पोराला विचारायचं, बाप हॉटेलात बसतो का? किराणावाल्याकडून कळतं उधारी कुठवर आली. बायकोकडून कळतं ताटात भाकर किती उरते.

“गडीमाणूस खोटं बोलत नसतो,” त्या चालता चालता म्हणाल्या, “त्याला फक्त आपल्यासमोर खरं बोलता येत नाही.”

२०२२ साली देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली, असं राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा अहवाल सांगतो. त्यातले दर १०० मागे जवळपास ७२ पुरुष. हे आकडे आले की चर्चा दुष्काळ, भाव, कर्ज यांच्याकडं वळते. ती वळायलाच हवी, कापसाला भाव न देता नुसतं समुपदेशन देणं ही थट्टाच आहे. पण एवढाच पाऊस, एवढंच कर्ज असलेला शेजारचा शेतकरी तगतो आणि हा तगत नाही, त्यात कुणाशी तरी बोलणं झालं की नाही याचा वाटा असतो. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा उपक्रम झाला, त्याचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. गावातल्याच साध्या कार्यकर्त्यांना शिकवून त्यांच्यामार्फत मदत पोहोचवली, तेव्हा नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण १८ महिन्यांत ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. नवी औषधं शोधून हे घडलेलं नाही. माणसं दारापर्यंत आली, एवढंच.

पाठ, पित्त, धडधड

तालुक्याच्या एका सरकारी दवाखान्यात समुपदेशक ताईंच्या खोलीबाहेर बसलो होतो. पुरुष येतात ते असं सांगत : पाठ लईच दुखायलीय. पित्त उसळतंय. छातीत धडधड होतीय, ईसीजी काढला, काही निघालं नाही. डोकं गरम पडतंय. ‘मन’ हा शब्द त्या सकाळी एकाही पुरुषाच्या तोंडून ऐकला नाही. यातले बरेच जण आधी खासगी डॉक्टरांकडं सलाईन लावून आलेले असतात. सलाईननं दोन दिवस बरं वाटतं, कारण दोन दिवस कुणी तरी हात धरून झोपवलेलं असतं, असं माझं मत. ताईंना ते फारसं पटलं नाही. त्या म्हणाल्या, पैसे गेल्यावर बरं वाटावंच लागतं.

त्यांची रीत मी जवळून पाहिली. पंचेचाळिशीचा गृहस्थ, पांढरा सदरा, हातात रुमालात गुंडाळलेले जुने रिपोर्ट. ताईंनी रिपोर्ट एकेक करून पाहिले, सावकाश, जणू त्यांत खरंच काही दडलंय. मग विचारलं, रात्री किती वाजता जाग येते? तीनला. मग काय करता? अंगणात बसतो. तंबाखू? हो. घेता का थोडी? माणूस खाली बघून हसला. पाठ कुठं दुखते ते त्यानं वळून दाखवलं. ताईंनी ‘काय झालं होतं’ हे विचारलंच नाही. तो निघाला तेव्हा त्याच्याकडं श्वासाचा एक व्यायाम होता, झोपण्याआधी चहा आणि दारू बंद करायची सूचना होती, आणि पुढच्या आठवड्याची तारीख होती.

“तिसऱ्या-चौथ्या वेळी सांगतात,” त्या म्हणाल्या. “दाराशी जाऊन परत फिरतात, अन् उभ्या उभ्या सांगतात. बसून कधीच नाही.”

यामागं शास्त्र आहे. जिवावर बेतलेला किंवा लाजेनं जाळणारा प्रसंग काहींच्या बाबतीत भूतकाळात जमा होतच नाही. आवाज, वास, गणवेश, एखादा रस्ता, कशानंही तो पुन्हा आत्ता घडत असल्यासारखा अंगावर येतो. झोप उडते, दचकणं वाढतं, माणूस ठरावीक जागा टाळू लागतो, घरात विनाकारण भडकतो. ताई हे समजावताना शेतातल्या मोटारीचं उदाहरण देतात : ऑटो बसवलेला असला की वीज येताच मोटार सुरू होते, विहिरीत पाणी असो की नसो. रुग्ण लगेच मान डोलावतो. आघात झाल्या झाल्या माणसाला बसवून सगळं सविस्तर बोलायला लावू नये, असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. आधी सुरक्षितता, झोप, जेवण, सोबत. बोलणं त्याच्या सवडीनं. बऱ्याच जणांची ही लक्षणं काही आठवड्यांत आपोआप ओसरतात. ज्यांची ओसरत नाहीत त्यांना खास प्रशिक्षण घेतलेल्या तज्ज्ञाची गरज असते, आणि तो तालुक्याला नसतो.

दुसरी अडचण बाह्यरुग्ण विभागाच्या वेळेची. तो सकाळी भरतो, नेमक्या रोजगाराच्या वेळी. दवाखान्यात यायचं म्हणजे एक रोज बुडवायचा, एसटीचं तिकीट काढायचं आणि घरी सांगायचं की पाठीला दाखवायला चाललोय.

उचल

गंगाखेड, सोनपेठ, पालम, जिंतूरकडची गावं आणि तांडे दिवाळीनंतर अर्धे रिकामे होतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून हंगामाआधी घेतलेले पैसे म्हणजे उचल. ती ऊस तोडून फेडायची, आणि फिटली नाही तर पुढच्या साली पुन्हा त्याच टोळीत. ऊसतोड बाईच्या हालांवर अलीकडं बरंच लिहिलं गेलं, ते योग्यच आहे. गड्याला उचलीसाठी डांबून ठेवणं, गाडीत घालून नेणं, मारणं, याच्या बातम्या दर हंगामात स्थानिक पानावर चार ओळींत येतात आणि विरतात.

सोनपेठ तालुक्यातल्या एका तांड्यावर चाळिशीचा एक जण भेटला. मागं एका हंगामात तो आजारी पडला, फडातून निघून आला, तर चौघं मोटारसायकलवर घ्यायला आले. पुढचे दिवस तो एका गोदामात होता. मारलं का, हे मी विचारलं नाही. ते त्याच्या भावानंच सांगितलं, तो पाणी आणायला उठल्यावर. “तवापासून हा मोटारसायकलचा आवाज आला की मागच्या दारानं निघतोय. जत्रंला बी येत नाही.” भावाला त्याची लाज वाटत होती आणि कीवही येत होती. दोन्ही एकाच वाक्यात.

पोलिसात तक्रार? तक्रार केली तर उचलीचा हिशोब निघणार, आणि उचल तर घेतलेलीच आहे. आपण देणेकरी आहोत, म्हणजे आपल्यावर झालेलं काहीही आपलंच पाप, अशी त्याची समजूत पक्की आहे. कामासाठी आगाऊ रक्कम देऊन माणूस बांधून ठेवणं हा १९७६च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्यानं गुन्हा आहे, हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. मी सांगितलं, तर म्हणाला, “कायदा असंल. मुकादम बी आहे.” कुठलाही उपचार मुकादम गावात असताना कितपत लागू पडेल, याचं उत्तर मानसोपचाराच्या पुस्तकात नाही. ते कामगार आयुक्तांच्या आणि तहसीलदारांच्या कचेरीत आहे.

दंडाधिकाऱ्यांपुढचं ‘नाही’

१० डिसेंबर २०२४ रोजी परभणीत रेल्वे स्थानकाजवळच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्यासमोरील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशीच्या बंदला हिंसक वळण लागलं आणि धरपकड झाली. अटकेतल्यांत कायद्याचा विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी होता, वय ३५. १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना त्याचा मृत्यू झाला. शवविच्छेदनाच्या प्राथमिक अहवालात अनेक जखमांमुळे आलेला शॉक असं कारण आलं. सूर्यवंशीनं दंडाधिकाऱ्यांपुढं मारहाण झाली नसल्याचं सांगितलं होतं, असं मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत निवेदन केलं. सूर्यवंशीची आई न्यायालयात गेली. ४ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं गुन्हा नोंदवायचा आदेश दिला आणि ३० जुलैला सर्वोच्च न्यायालयानं तो कायम ठेवला.

त्या दिवसांत आत जाऊन आलेल्या कुणाची गोष्ट मी इथं लिहीत नाही. प्रकरणं न्यायप्रविष्ट आहेत. मला बोलायचंय ते त्या एका नकाराबद्दल, आणि तेही सर्वसाधारणपणे. कोठडीतून न्यायालयात आणलेल्या माणसाला विचारलं जातं, पोलिसांविरुद्ध तक्रार आहे का? तो बोलतो तेव्हा ज्यांनी त्याला आणलं ते दोन हातांवर उभे असतात, आणि परत न्यायचं तर तेच नेणार असतात. फौजदारी प्रकरणं चालवणाऱ्या कुठल्याही वकिलाला विचारा, बहुतेक अशील ‘नाही साहेब’ म्हणतात. हे ‘नाही’ आणि ओसरीवरचं ‘बरंय की’ यांत मला फार अंतर दिसलं नाही. उत्तर खरं की खोटं हे नंतर. आधी बघायचं, प्रश्न विचारताना शेजारी कोण उभं होतं.

डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९९६ सालीच सांगून ठेवलंय की अटकेतल्या माणसाची दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी व्हावी. तपासणी होते. पण सुटून आल्यावरची दुखणी घेऊन माणूस सरकारी दवाखान्यात गेला, की मारहाणीची जखम म्हणून एमएलसी (मेडिको-लीगल केस) नोंदवली जाते, आणि एमएलसी म्हणजे पोलिसांना कळवणं. म्हणून तो जातच नाही. गल्लीतल्या मेडिकलवरून वेदनाशामक गोळी आणतो. नंतर न्यायालयात जखमांचा पुरावा मागितला जातो, आणि तोवर जखमा भरलेल्या असतात. अशा वेळी कार्यकर्त्यांनी करायचं पहिलं काम भाषणाचं नसतं. सोबत जाऊन एमएलसी नोंदवून घ्यायची, कागदाची प्रत हातात घ्यायची, आणि त्या मुलाला काही रात्री एकटं झोपू द्यायचं नाही.

कलमच नाही

थोडं कायद्याचं, कारण सावरण्याचा रस्ता इथं अडतो. लहान मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराचा पॉक्सो कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू झाला आणि त्यानं मुलगा-मुलगी असा भेद केला नाही. त्याआधी २००७ साली केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयानं १३ राज्यांत पाहणी केली होती. त्यात लैंगिक छळाला सामोरं गेल्याचं सांगणाऱ्या मुलांत मुलगे ५२.९४ टक्के निघाले. म्हणजे निम्म्याहून जास्त. हा आकडा वाचून लोक चकित होतात, आणि दुसऱ्या दिवशी मुलीला सांभाळून जा म्हणतात, मुलाला म्हणत नाहीत.

मुंबईच्या हरीश अय्यर यांनी २०१२ साली ‘सत्यमेव जयते’ या कार्यक्रमात आपल्यावर लहानपणी झालेल्या अत्याचाराबद्दल उघडपणे सांगितलं. मराठवाड्यातल्या कितीक घरांत तो कार्यक्रम रविवारी सकाळी लागला होता. त्या घरांतल्या पुरुषांपैकी कुणाचा घास घशात अडकला असेल, ते कळायला मार्ग नाही. पॉक्सोखाली तक्रार करायला वयाची वा काळाची अट नाही, पण घटना २०१२च्या आधीची असेल तर पॉक्सो लागत नाही. तेव्हा उपयोगी पडायचं ते भारतीय दंड संहितेचं ३७७ कलम. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तिच्यात त्या कलमाची जागा दुसऱ्या कशानंही भरली गेली नाही. त्या तारखेनंतर प्रौढ पुरुषावर लैंगिक बळजबरी झाली, तर त्याला दुखापतीसारखी कलमं धुंडाळावी लागतात. बलात्काराचं कलम फक्त बाईसाठी आहे. बाईचं संरक्षण तसूभरही कमी न करता पुरुषासाठी वेगळं कलम करता आलं असतं. ते सुचलं नाही.

समुपदेशक ताईंना विचारलं, असे पुरुष येतात का? “येतात. लग्न जमल्यावर येतात. ताकदीची गोळी मागायला.”

गड्यांनी गड्यांशी

१९९१ साली पत्रकार सी. वाय. गोपीनाथ यांनी इंग्रजी वर्तमानपत्रात एक जाहिरात दिली : बायकोला मारणं चूक आहे असं मानणारे पुरुष हवेत. २०० हून अधिक पुरुषांनी प्रतिसाद दिला. त्यातून १९९३ साली मुंबईत ‘मावा’ ही संस्था उभी राहिली, हरीश सदानी तिचे खंदे कार्यकर्ते. त्यांचा ‘पुरुष स्पंदनं’ हा दिवाळी अंक अनेकांच्या परिचयाचा असेल. इथं हे सांगायचं कारण असं की मार खाल्लेला गडी बऱ्याचदा घरी येऊन मारतो. तांड्यावरच्या त्या भावाला मी हेही विचारलं होतं, आणि तो गप्प झाला होता. नवऱ्याच्या जखमेची किंमत बायकोनं मोजायची, हे कुठल्याही सहानुभूतीत बसत नाही. चांगला समुपदेशक पुरुषाचं दुखणं ऐकतो आणि त्याच बैठकीत घरातल्या मारहाणीबद्दल स्पष्ट विचारतो.

पुरुष पुरुषांसमोर बोलतात ती जागा महाराष्ट्रात बहुधा दारूच्या वाटेवर सापडते. पुण्याचं मुक्तांगण १९८६ साली सुरू झालं. तिथल्या गटात, किंवा अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या बैठकीत, माणूस दारूबद्दल बोलायला उभा राहतो आणि बापाबद्दल बोलून बसतो. गोव्यात ‘संगत’ संस्थेनं प्राथमिक आरोग्य केंद्रांत जास्त पिणाऱ्या पुरुषांसाठी डॉक्टर नसलेले, पण प्रशिक्षण घेतलेले समुपदेशक बसवले. एक ते चार भेटींचाच कार्यक्रम. दारू हे निमित्त पुरुषाला परवडतं. दारू पितो म्हणण्यात त्याला कमीपणा नाही, घाबरतो म्हणण्यात आहे.

गावात याहून जुनी एक सोय आहे, भजनी मंडळ. गंगाखेड हे जनाबाईंचं गाव, तिथल्या आसपास एकादशीला रात्रभर टाळ वाजतात. एका गावी बघितलं, मृदंग वाजवणाऱ्याच्या डोळ्यांतून धार लागलेली, आणि कुणी त्याला काय झालं म्हणून विचारलं नाही. शेजारच्यानं फक्त पाण्याचा तांब्या सरकवला. भजनानं आघात बरा होतो असं मी म्हणणार नाही. पण पंधरवड्यातून एकदा कुणी तरी आपली वाट बघतं, आलो नाही तर घरी निरोप येतो, याला औषधाच्या यादीत जागा द्यायला हवी. आशाताई तर सरळ मंडळाच्या विणेकऱ्याला सांगून ठेवतात : आबांवर नजर ठेवा, दोन एकादश्या चुकल्या तर मला कळवा.

फोनमधला मेकॅनिक

टेली-मानस ही केंद्राची फोनसेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६, फुकट, रात्रंदिवस, मराठीतही. समुपदेशक ताई हा नंबर चिठ्ठीवर लिहून देत नाहीत, कारण चिठ्ठी बायकोच्या किंवा पोराच्या हाती लागते. त्या समोरच्याचा फोन मागून घेतात, नंबर साठवतात आणि विचारतात, काय नाव देऊ? कुणी ‘बियाणे’ सांगतं, कुणी ‘गॅस एजन्सी’. सोनपेठकडच्या त्या माणसाला भाऊच घेऊन आला होता, कंबर दाखवायला म्हणून. त्यानं बराच विचार करून सांगितलं, ‘ट्रॅक्टर मेकॅनिक’.

टोळी दिवाळीनंतर निघणार होती, यंदा दुसऱ्या मुकादमाबरोबर. त्याला मोजून दोन महिन्यांच्या गोळ्या दिल्या आणि पुढच्या गोळ्या भावाबरोबर पाठवायचं ठरलं. उठताना त्यानं फोन पुन्हा उघडून नंबर नीट आलाय का बघितलं.

“फड कर्नाटकात पडला तर? तिकडं बी लागतो का हा?”

“लागतो. भाषा विचारतील, मराठी सांगायची.”

“अन् रातच्याला?”

“रात्रीच करा,” ताई म्हणाल्या. “तीनला जाग आली की.”